खाडीवर गरवायला जाताय? आधी तिथी बघा

मासे पकडायचा नाद नव्याने लागलेला माणूस आधी दुकान गाठतो. रॉड किती फुटी घ्यावा, रीळ कुठल्या कंपनीचं, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, किती जाड, यावर मित्रमंडळींत चर्चा झडतात. काठावर आयुष्य गेलेल्या एखाद्या खारवी किंवा गाबीत आजोबांकडे सल्ला मागा, ते यातलं काहीच विचारणार नाहीत. ‘आज तिथी काय?’ एवढंच विचारतील आणि उत्तर ऐकून सांगतील, आत्ताच निघा, नाहीतर जेवून सावकाश जा.

त्यांच्या या प्रश्नात सगळं शास्त्र आहे. तलावातला मासा तलावातच असतो, आज ना उद्या गळाला लागतो. खाडीतल्या माशाचं तसं नाही. सकाळी सहाला तो एका ठिकाणी असतो आणि दहाला दुसऱ्या, कारण ज्या पाण्यात तो राहतो ते पाणीच दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. पाणी कधी, कुठे, किती खारं आणि किती जोरात हे कळलं, तर बांबूच्या काठीवरही मासा येतो. ते कळलं नाही, तर महागडा रॉड हातात धरून सूर्यास्त बघायचा.

खाडीचं पाणी

आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र यांच्यातलं अंतर थोडं. नद्या उतारावरून धावत येतात आणि किनारपट्टीच्या सपाटीवर पोचल्या की त्यांचा वेग मरतो. तिथे समुद्राचं पाणी भरतीला नदीच्या पात्रात आत शिरतं. जिथपर्यंत ते शिरतं तिथपर्यंत खाडी. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, काजळीची भाट्याला, वाघोटणची विजयदुर्गला. एकेका नदीची एकेक खाडी, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

वाशिष्ठीचंच बघा. दाभोळच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. तिथून होडीने चिपळूणच्या गोवळकोटकडे निघालात की पाणी हळूहळू मचूळ होत जातं आणि शेवटी गोडं. शिवाय या नदीला कोयनेचं अवजल मिळतं. धरणातलं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे येतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सुटतं. त्यामुळे बाकीच्या नद्या मे महिन्यात ओहोळाएवढ्या झालेल्या असताना वाशिष्ठीला पाणी असतं. म्हणून शेजारच्या खाडीत उन्हाळ्यात जो मासा जिथे मिळतो, तो इथेही त्याच अंतरावर मिळेल असं धरून चालता येत नाही. काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय खाडीवर जाऊ नये, असं मी म्हणतो ते याचसाठी.

गोडं पाणी हलकं, खारं जड. दोन्ही भेटली की लगेच मिसळत नाहीत. भरतीला खारं पाणी तळाने आत घुसतं आणि नदीचं गोडं पाणी वरून बाहेर जात राहतं. पावसाळा संपताना हे फार स्पष्ट दिसतं. वरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं तर गोडं लागतं, आणि त्याच जागी तळाशी टाकलेल्या गळाला समुद्रातला मासा येतो. नवख्याला वाटतं चमत्कार झाला. मासा फक्त आपल्या पाण्यात, खालच्या मजल्यावर होता.

माशाला या खारटपणाचं एवढं का पडलंय? समुद्रात माशाच्या अंगातल्यापेक्षा बाहेर मीठ जास्त, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. बाहेरचं पाणी अंगात घुसत राहतं, म्हणून मासा भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी पाण्यातलं मीठ ओढून घेतो. बहुतेक माशांना यातली एकच रीत येते. खाडीतल्या पक्क्या रहिवाशांना दोन्ही येतात, पण एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर जायला कल्ल्यांमधल्या पेशींना थोडा अवधी लागतो. म्हणून जिताडा किंवा काळुंदर मचूळ पाण्यात निवांत राहू शकतात, तर मुडदुशीसारखे मासे मुखाजवळच्या खाऱ्या, वाळूच्या पट्ट्यातच जास्त असतात. आणि म्हणूनच जुलैत धो धो पाऊस पडून खाडी गढूळ आणि गोडी झाली, की महिन्यापूर्वीची हमखास जागा ओस पडते.

भरतीचा हिशेब

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा. पंचांग घरात असेल तर कोकणातला जुना हिशेब वापरा. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तंतोतंत वेळ हवी असेल तर भरतीची कोष्टकं मोबाईलवर मिळतात. पण ती बंदराची वेळ सांगतात, खाडीच्या पोटातली नाही. मुखाशी पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वरच्या अंगाला ते अजून चढत असतं. आपल्या जागेचा हा फरक एकदा घड्याळ लावून बघून ठेवावा, मग जन्मभर पुरतो.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या जोराला. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात, तो भांग. पाणी थोडंच हलतं. मुंबईकडे उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार होतो, दक्षिणेला गोव्याकडे जाता जाता तो दोन मीटरच्या आसपास येतो. त्यामुळे धरमतरच्या खाडीत शिकलेला माणूस तेरेखोलला गेला की त्याला पाणी झोपल्यासारखं वाटतं.

भरती-ओहोटीचे सहा तास एकाच वेगाने जात नाहीत. एकूण चढउताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासाला एक भाग पाणी हलतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. चार मीटरच्या उधाणात तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाणी मीटर-मीटरने उतरतं. गळ बुडवायला बांधलेलं शिसं वाहून जातं, तळाचा गाळ वर येतो, पाणी चहासारखं दिसायला लागतं. त्या वेळी बहुतेक मासेही प्रवाहाशी झुंजत बसत नाहीत, आडोशाला जातात.

मग गरवायचं कधी? माझा कौल असा: उतरत्या पाण्याचे पहिले दोन तास, आणि चढत्या पाण्याची सुरुवात. उधाणापेक्षा भांगाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस काठीवाल्याला सोयीचे, कारण पाणी हलतं पण पळत नाही आणि थोडं निवळही असतं. उधाणात गरवायचंच असेल तर वासाचं आमिष लावा, गढुळात चकचकीत ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, कोणाला दिसणार? पाणी अजिबात हलत नसलेला अर्धा तास, म्हणजे पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटी, हा डबा उघडून जेवायचा वेळ.

मासा उभा कुठे असतो

खाडीच्या कडेला तिवर, कांदळ, चिपी यांची दाटी असते. (पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं.) त्यांची पानं चिखलात गळतात आणि कुजतात. कुजलेल्या पानावर वाढलेले सूक्ष्मजीव कोळंबी, खेकडे आणि बारीक मासे खातात, आणि त्यांना मोठे मासे. भरतीला पाणी मुळांमध्ये शिरलं की ही बारीकसारीक मंडळी पाण्याबरोबर आत जातात. आत अन्न असतं आणि मोठा मासा त्या जाळीत शिरू शकत नाही. ओहोटी लागली की मात्र सगळ्यांना बाहेर यावंच लागतं, नाहीतर चिखलात अडकतील. बाहेर यायचे रस्ते ठरलेले असतात. कांदळवनातून खाडीला मिळणाऱ्या चिंचोळ्या पोयी, बांधाच्या फटी, पुलाच्या खांबांमधली वाट. मोठा मासा त्या रस्त्याच्या तोंडाशी उभा असतो. उतरत्या पाण्याचे पहिले दोन तास मी म्हणतो, ते यामुळे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे उघाडी. खाडीचं खारं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून रायगड-रत्नागिरीत खारबंदिस्तीचे बांध घातलेले आहेत. त्या बांधात झडपेचं दार असतं, ती उघाडी. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी तिला ढकलून खाडीत पडायला लागतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी येते, बोटभर बोयी येतात, कधी बेडूक येतो. आणि धार जिथे पडते तिथे नाही, तर तिच्या बाजूला, जिथे पाणी गोल फिरून संथ होतं, तिथे जिताडा असतो. त्याचं तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे. प्रवाहात तो पोहत नाही, प्रवाहाच्या कडेला थांबून समोरून वाहत येणारं टिपतो. नवखा माणूस नेमका धारेच्या मधोमध गळ टाकतो. तो कडेला, धारेच्या वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर वाहत जिताड्यासमोर जाऊ द्यावा.

जिताडा चावत नाही, ओढून घेतो. तोंड इतक्या झटक्यात उघडतो की पाणी आणि त्यातली कोळंबी दोन्ही आत खेचली जातात. शांत रात्री ‘टप्प’ असा आवाज लांबवर ऐकू येतो, तो हाच. विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे तांबूस चमकतात. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उडी घेतो आणि डोकं झटकतो. त्या झटक्यात तंगूस सैल पडला तर गळ निसटतो, म्हणून तो उडताना काठी खाली झुकवून दोर ताणलेला ठेवायचा. आणि एक महत्त्वाचं: त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा पात्यासारखी धारदार असते. गळाच्या पुढचा दीड-दोन हात तुकडा जाड तंगुसाचा नसेल, तर दोर तिथेच कापला जातो. तुमचं बोटही.

काठावर काय काय लागतं

जिताड्याला रत्नागिरी-सिंधुदुर्गात खजुरा म्हणतात, गोव्यात चणक. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात तो पाळतात, पाहुणा मोठा असेल तर तळ्यातून निघतो. त्याचं आयुष्य विलक्षण आहे. खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी, पावसाळ्यात पिल्लं मचूळ आणि गोड्या पाण्यात, अगदी भातखाचरांपर्यंत, आणि वयात आल्यावर पुन्हा खाऱ्या पाण्याकडे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की तो आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोत दोन हातांत मावत नाही असा जो जिताडा दिसतो, ती बहुधा अंडी देणारी मादी असते. हेकरू माशाचं नेमकं उलट. ती आधी मादी, मोठेपणी नर. एकाच पुलाखाली दोघं शेजारी राहतात आणि दोघांचा संसार असा उफराटा.

तांबोशी हा खाडीतला दांडगट. दगडांच्या कपारीत, जेटीच्या खांबांत, कांदळाच्या मुळांत घर करून असतो. रात्री जास्त फिरतो. आमिष तोंडात घेतलं की पहिलं काम म्हणजे घराकडे धूम. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला अडवलं नाही तर दोर दगडाला घासून तुटतो. इथे रीळचा ड्रॅग, म्हणजे दोर आवरणारा ब्रेक, सैल ठेवून मासा दमवण्याची पुस्तकी युक्ती चालत नाही, आधी कपारीपासून ओढून बाहेर काढायचा आणि मग ढील द्यायची. जिवंत कोळंबी त्याला फार प्रिय.

काळुंदर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, गरवायलाही आणि खायलाही. तळहाताएवढा, चपटा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. केरळने करीमीन म्हणून राज्य मासा केलेला तो हाच. संथ, मचूळ पाणी, कडेला दगड किंवा बुडालेलं लाकूड, तिथे तो कळपाने असतो. तोंड एवढंसं. मोठा गळ त्याच्या तोंडात जातच नाही, तो नुसतं आमिष कुरतडून नेतो. गळाच्या नंबराचा गोंधळ इथे मिटवून टाकू: नंबर जितका मोठा तितका गळ लहान. दहा नंबरचा गळ चार नंबरच्या गळापेक्षा बारीक. एक नंबरनंतर गाडी उलटी फिरते, १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. काळुंदराला आठ ते दहा नंबर. आमिष म्हणून मटाराएवढा कणकेचा गोळा किंवा गांडुळाचा तुकडा. तरंगणारं भेंड बांधा आणि त्याच्यावरची नजर हलवू नका. भेंड आधी थरथरतं, तेव्हा ओढायचं नाही. मग ते खाली न जाता कडेला सरकायला लागतं. त्याच वेळी मनगटाचा हलका हिसका. खांद्यापासून जोर लावलात तर त्याचं नाजूक तोंड फाटतं आणि मासा जातो. नर-मादी दोघं मिळून दगडाला चिकटवलेली अंडी राखतात, पंखांनी त्यांच्यावर पाणी वारतात. असं जोडपं उथळ पाण्यात एकाच दगडाभोवती घिरट्या घालताना दिसलं तर तिथे गळ टाकू नये. त्यांना उचललं की अंडी इतर मासे पाच मिनिटांत फस्त करतात.

बोय उड्या मारताना रोज दिसते आणि गळाला क्वचित लागते, यावरून खूप लोक हिरमुसतात. तिचा दोष नाही. ती शेवाळ आणि तळाच्या गाळावरचं बारीक काहीबाही खाते, कोळंबीच्या तुकड्यात तिला रस नाही. पावाचा चुरा टाकून थवा जमवला आणि अगदी बारीक गळाला पावाचा तुकडा लावला तर जमतं. नाहीतर ती पागेरात, म्हणजे फेकजाळ्यात, सापडायची. गोव्यात हिचं नाव शेवटो, आणि गोव्याने राज्य मासा म्हणून तिलाच मान दिलाय.

मुखाकडे वाळूवर मुडदुशी मिळते. बारीक गळ, कोळंबीचा तुकडा, आणि शिसं तळाला टेकलेलं. चव अप्रतिम, काटे कमी, मुलांना शिकवायला हाच मासा. पालू आणि करकरा दगडाळ जागी. करकरा बाहेर काढला की खरोखरच करकर आवाज करतो. धरणांतून आणि तळ्यांतून आलेली चिलापी आता खाडीच्या वरच्या भागातही दिसते. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली देशात आणली गेली, आणि जिथे गेली तिथे तिने बस्तान बसवलं. ती लागली तर परत सोडू नका, एवढंच सांगेन.

आणि मग शिंगटी. वासाचं काहीही लावा, शिंगटी हजर. हिचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. हे सगळं कौतुक तिला गळावरून सोडवताना विसरायला होतं. पाठीवर एक आणि दोन्ही कडांना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. घुसला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. मासा जमिनीवर ठेवून जाड फडक्याने किंवा पक्कडीने धरायचा, चप्पल पायात असेल तरी पायाने दाबायचा नाही, काटा चपलेच्या तळातून वर येतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा. ते विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ कमी होते. पाकट नावाच्या चपट्या माशाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय, आणि दोन्हींत नंतर डॉक्टरकडे जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. वाळूत दडलेलं पाकट धक्का लागण्याआधी निघून जातं.

केंड लागला तर ओळखणं सोपं, फुगतो. दातांनी बारीक गळ आणि तंगूस सहज तोडतो. त्याच्या अंगात जीवघेणं विष असतं आणि ते शिजवून जात नाही. मांजरालाही घालू नये.

काठावर वावरताना

खाडीचा चिखल दिसतो तितका घट्ट नसतो. ओहोटीला पाणी दूर गेलं म्हणून मागोमाग चालत जाणारा मांडीपर्यंत रुततो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासाची भरती मीटर-मीटरने चढत येते. वर दिलेलं बारा भागांचं गणित इथे जिवाशी येतं. दगडावर उभे असाल तर मागची वाट आधी बुडते, हे ध्यानात ठेवा. कालवांनी भरलेल्या खडकांवर अनवाणी फिरू नये. आणि वाशिष्ठीत चिपळूणच्या आसपास मगरी आहेत, त्यामुळे तिथे गुडघाभर पाण्यात उतरून गरवण्याची हौस नको. संध्याकाळी तर मुळीच नको.

काठ आपल्या एकट्याचा नाही. पोयीच्या तोंडाशी बोकशी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावलेली असेल, चिखलात खेकड्याचे सापळे असतील, तर ते कोणाच्या तरी घरची चूल पेटवतात. त्यांच्यापासून लांब बसावं. गळ जाळ्यात अडकला तर जाळं कापायचं नाही, आपला दोर कापायचा. आणि तुटलेला तंगूस खिशात. तो कुजत नाही, बगळ्या-खंड्यांच्या पायात गुंडाळला जातो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ही बंदी आडवी येत नाही, पण खाडीतल्या बऱ्याच माशांचा विणीचा काळ याच सुमाराला असतो. पोटात गाबोळी असलेला मासा सोडून द्यावा असं मला वाटतं. पटत नसेल तर निदान पिल्लं तरी सोडा. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. गळ खोल गिळला असेल तर ओढत बसू नका, दोर तोंडापाशी कापून सोडा, त्याने तो वाचण्याची शक्यता जास्त असते.

खायचं असेल तर खाडी बघून. ठाणे, माहीम अशा शहराच्या पोटातल्या खाड्यांत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं जातंय. तळाच्या गाळात राहणारे मासे आणि खेकडे तेच खातात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, त्या हद्दीत वनखात्याचे नियम लागतात. बाहेर बसून गरवलंत तरी तिथला मासा घरी नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. लोटे-परशुरामच्या कारखानदारीनंतर दाभोळच्या खाडीतही मासे मरून तरंगल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या आहेत. पाण्याला रसायनाचा वास येत असेल, फेस तरंगत असेल, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर त्या दिवशी गळ गुंडाळायचा. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे असेच वर येतात. तेव्हा ते पटापट हाती लागतात, म्हणून काहीजण खूश होऊन पिशव्या भरतात. त्या पिशव्या भरू नयेत.

हंगाम विचाराल तर नारळी पौर्णिमेनंतर नद्यांचं गढूळ पाणी ओसरायला लागतं आणि खाऱ्या पाण्याची रेघ मुखाकडून पुन्हा आत सरकते. तिच्याबरोबर मासा येतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मधल्या टप्प्यात गरवावं, एप्रिल-मे महिन्यांत खारं पाणी बरंच वर चढलेलं असतं तेव्हा आपणही वरच्या अंगाला सरकावं. एका ऋतूत एकच खाडी, शक्यतो एकच जागा धरावी. वहीत तिथी, भरतीची वेळ, पाणी गढूळ की निवळ, काय लागलं आणि काहीच लागलं नाही तेही लिहावं. काहीच न लागलेले दिवस जास्त उपयोगी पडतात, कारण ते बहुतेक वेळा चढत्या-उतरत्या पाण्याच्या एकाच टप्प्यावर येतात, आणि तो टप्पा कुठला हे प्रत्येक जागेचं वेगळं असतं.